मापात पाप: माशांच्या पेटीतल्या थर्मामीटरची गोष्ट



मी ज्या बचत गटांचं काम बघते, त्यातला करवीर तालुक्यातला एक गट रंगीत मासे पाळतो. गप्पी आणि मोली. घरामागच्या शेडमध्ये काचेच्या पेट्या मांडल्यात. बायका पाळीपाळीनं खाणं घालतात, पाणी बदलतात आणि पिल्लं मोठी झाली की शहरातल्या दुकानदाराला देतात. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत तिथल्या एका पेटीतले मासे आधी सुस्त झाले. मग त्यांच्या अंगावर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके आले. आठवड्याभरात चाळीसेक मासे गेले.

त्या आठवड्यात जिची पाळी होती, तिच्यावर सगळ्यांचा रोख गेला. "हीटर लावलाच न्हाई हिनं," असं एकजण म्हणाली. ती बिचारी वही पुढं करत राहिली. रोज सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर बघून तिनं आकडा लिहिला होता. २६, २६, २५, २६. पाणी २६ अंशांवर गेलं की वीज वाचवायला हीटर बंद करायचा, असं गटानंच ठरवलं होतं आणि तिनं तसंच केलं होतं. पण कुणी ऐकेना. "सव्वीस असतं तर मासं मेलं असतं का?" असा सवाल आला. नुकसान तिच्या बचतीतून कापायचं, इथपर्यंत बोलणं गेलं.

खरं सांगते, मलाही तिच्यावरच शंका आली होती. आमचा प्रश्न बरोबर होता, पण तो आम्ही बाईला विचारला. थर्मामीटरला कुणीच विचारला नाही.

पुढं काय झालं ते शेवटी सांगते. त्या प्रकरणानंतर मी थर्मामीटरविषयी वाचायला लागले. पाण्याची उष्णता मोजायला माणूस कसा शिकला आणि मोजलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायला त्याहून जास्त वेळ कसा लागला, हे कळत गेलं. त्यात दोन बायकांची गोष्ट सापडली. तीच आज सांगायची आहे.

आपल्या कोल्हापूरला यंत्राशिवाय उष्णता ओळखणारी माणसं काही कमी नाहीत. गुऱ्हाळावरचा गुळव्या बघा. काहिलीत रस उकळत असतो. तो फेसाकडं बघतो, थोडा पाक थंड पाण्यात टाकून बोटांत गोळी होते का बघतो आणि नेमक्या वेळी काहील उतरवायला सांगतो. क्षणभर चुकला तर गूळ बिघडतो. पण तो बघतो काय? उष्णतेनं रसाचं काय झालं ते. माशांच्या पाण्यात असं काही दिसत नाही. २१ अंशांचं पाणी आणि २६ अंशांचं पाणी दिसायला अगदी सारखं.

मग हात घालून बघावं का? घरी एक प्रयोग करा. तीन पातेली घ्या. एकात सोसेल इतकं गरम पाणी, एकात माठातलं गार, मधल्यात कोमट. एक हात गरम पाण्यात, दुसरा गार पाण्यात मिनिटभर ठेवा. मग दोन्ही हात एकदम कोमट पाण्यात घाला. एक हात म्हणेल पाणी गार आहे, दुसरा म्हणेल गरम आहे. पाणी एकच आणि हातही आपलेच. जानेवारीच्या पहाटे गारठलेल्या हाताला २० अंशांचं पाणीसुद्धा उबदार लागतं.

आपल्याला थंडी वाजली तर आपण शाल घेतो, चुलीपाशी बसतो. शिवाय आपलं शरीर स्वतःची ऊब स्वतः तयार करतं. गप्पी-मोलीला ही सोय नाही. पाणी जेवढं गरम, तेवढंच त्यांचं अंग गरम. गप्पी, मोलीसारख्या उष्ण भागातल्या माशांना साधारण २४ ते २८ अंश मानवतात. पाणी गार झालं की त्यांचं पचन मंदावतं, रोगाशी लढायची ताकद कमी होते आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला वाट मिळते. उलट पाणी फार तापलं तर त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना सुमारे साडेसात. म्हणून मे महिन्यात मासे वर येऊन तोंडं उघडतात. चार-पाच अंशांचा फरक आपल्याला किरकोळ वाटतो, पण माशांच्या दृष्टीनं तो जगण्या-मरण्याचा असतो.

आता जरा मागं जाऊ या, चारशे वर्षं मागं. इटली देशात १६०० च्या आसपास गॅलिलिओ नावाच्या शास्त्रज्ञानं एक साधन वापरलं. वर काचेचा पोकळ गोळा, त्याला लांब नळी आणि नळीचं टोक पाण्यात. गोळा तापला की आतली हवा पसरते आणि नळीतलं पाणी खाली जातं. गार झाला की पाणी वर चढतं. उष्णता वाढली की कमी झाली, एवढं त्यावरून कळायचं. पण किती, हे कळत नव्हतं, कारण नळीवर आकडेच नव्हते. शिवाय नळी खालून उघडी असल्यानं हवेचा दाब बदलला तरी पाणी वरखाली व्हायचं. पुढं त्याच देशात फ्लॉरेन्स शहरात, १६५० नंतरच्या काही वर्षांत, दोन्ही बाजूंनी बंद केलेल्या नळीत मद्यार्क भरलेले थर्मामीटर तयार झाले. आपल्या माशांच्या पेटीतली लाल रेघ त्याच घराण्यातली. आपण सवयीनं 'पारा चढला' म्हणतो, पण त्या नळीत पारा नसून रंग घातलेला मद्यार्क किंवा तसाच एखादा द्रव असतो.

नळ्या आल्या, आकडेही आले. पण प्रत्येक कारागिराचे आकडे वेगळे. एकाचे १० म्हणजे दुसऱ्याचे ४०. एका गावची पायली दुसऱ्या गावात चालत नाही, तसाच प्रकार. हा घोळ ज्यानं कमी केला, तो फॅरनहाइट नावाचा कारागीर. काचेची साधनं बनवणारा. १७१४ मध्ये त्यानं एका विद्वान प्राध्यापकाला दोन थर्मामीटर दिले. ते दोन्ही एका जागी ठेवले की जवळजवळ सारखाच आकडा दाखवत. आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण त्या काळी ही एवढी नवलाची गोष्ट होती, की त्या प्राध्यापकानं त्यावर लेख लिहिला.

फॅरनहाइटनं नंतर नळीत पारा भरला आणि १७२४ मध्ये आपली मोजपट्टी जाहीर केली. त्याचं शून्य कुठून आलं माहीत आहे? बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणातून. कल्हईवाला भांड्याला कल्हई लावताना जो नवसागर वापरायचा, तोच. नुसत्या बर्फ-पाण्याला त्याच्या पट्टीवर ३२ अंश येतात. आपण ताप मोजताना '१०१ आहे, १०२ आहे' म्हणतो, ते अजून त्याचेच अंश. पुढं १७४२ मध्ये स्वीडनच्या सेल्सिअस या खगोलशास्त्रज्ञानं शंभर भागांची पट्टी मांडली. गंमत म्हणजे त्याच्या मूळ पट्टीत उकळतं पाणी शून्यावर आणि बर्फ शंभरावर होता. १७४४ मध्ये तो वारला आणि त्यानंतर ती पट्टी उलटी करून आजच्यासारखी झाली. बर्फ शून्य, उकळतं पाणी शंभर.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. थर्मामीटरवरचा आकडा आकाशातून पडत नाही. कुणीतरी नळी बर्फात धरते, तिथं खूण करते आणि मग बाकीचे आकडे मांडते. ती खूण चुकली किंवा जागची हलली, तर पुढचे सगळे आकडे चुकतात.

आता काचेच्या पेटीकडं येते. ही पेटी कुणी आणली? फ्रान्समधल्या एका खेड्यात १७९४ मध्ये जन्मलेल्या जान व्हिलप्रो-पॉवर या बाईनं. अठराव्या वर्षी ती कामाच्या शोधात चारशे किलोमीटरहून लांब असलेल्या पॅरिसला पायी गेली आणि शिवणकाम शिकली. १८१६ मध्ये तिनं एका राजकन्येचा लग्नाचा पोशाख शिवला. पुढं लग्न होऊन ती इटलीतल्या सिसिली बेटावर राहायला गेली आणि समुद्रातले जीव बघण्याचा तिला नाद लागला. तिथं शिंपल्यासारख्या पातळ कवचात राहणारा आठ पायांचा एक समुद्रजीव आहे. तो कवच स्वतः बनवतो की दुसऱ्याचं पळवतो, यावर विद्वानांचा वाद चालला होता. त्याला बाहेर काढलं की तो मरे, मग बघायचं कसं? १८३२ मध्ये जाननं काचेच्या पेट्या करून घेतल्या, त्यांत समुद्राचं पाणी भरलं आणि जिवंत प्राण्यावरच निरीक्षण केलं. कवच तो स्वतःच बनवतो, हे तिनं दाखवून दिलं. एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं वादाचा निकाल लावला, तो बघून आणि लिहून ठेवून.

त्यानंतर वीसेक वर्षांत, १८५३ साली, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं आणि युरोपात घरोघरी पेट्या ठेवायची हौस पसरली. उष्ण देशांतले मासे तिकडं गेल्यावर पाणी गरम ठेवायचा प्रश्न आला. काही पेट्यांचा तळ दगडी फरशीचा करून खालून ज्योत पेटवत. तेव्हापासून हौसेच्या पेटीत थर्मामीटर आला तो कायमचा. आपल्याकडं मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी केलं. आपल्यापैकी कितीजणींनी शाळेच्या सहलीत पहिल्यांदा रंगीत मासे पाहिले ते तिथंच.

आता दुसरी बाई. ही आपल्या देशातली, आणि तिचं महत्त्वाचं काम झालं ते पुण्यात.

आपल्या देशात तापमानाची पद्धतशीर नोंद फार जुनी आहे. मुंबईत कुलाब्याला १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं वेधशाळा उभी केली. पुढं कलकत्त्याला मोठं वादळ झालं, पाऊस हुकून दुष्काळ पडले आणि मग १८७५ मध्ये सगळ्या देशासाठी हवामान खातं स्थापन झालं. १९२८ मध्ये त्याचं मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. म्हणून पुण्यात शिवाजीनगरला आजही त्या जागेला 'सिमला ऑफिस' म्हणतात. एसटीनं पुण्याला गेलात तर चौकाचं नाव ऐकाल.

पण गावोगावच्या केंद्रांत जी साधनं होती, ती जवळपास सगळी परदेशातून येत. साधा थर्मामीटरसुद्धा. देश स्वतंत्र झाल्यावर १९४८ मध्ये पुण्याच्या या कार्यालयात अण्णा मणी रुजू झाल्या. जन्म १९१८ चा, केरळमधल्या पीरमेडचा. घर सधन. त्या घरात आठव्या वाढदिवसाला मुलीला हिऱ्याच्या कुड्या द्यायची रीत होती. अण्णांनी कुड्या नाकारल्या आणि ज्ञानकोश मागितला. पुढं बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे आणि माणकांवर संशोधन केलं, पाच शोधनिबंध लिहिले. तरीही पीएचडी मिळाली नाही, कारण एम.एस्सी. केलेलं नव्हतं. इंग्लंडला गेल्या त्या भौतिकशास्त्र शिकायला, पण शिष्यवृत्ती मिळाली हवामानाच्या साधनांची. मिळालं ते काम त्यांनी आपलं केलं.

पुण्यात त्यांनी काय केलं? सुमारे शंभर हवामान-साधनांचे आराखडे प्रमाणित केले आणि ती साधनं देशातच तयार व्हायला लागली. लवकरच त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. हाताखाली शंभराहून जास्त पुरुष कर्मचारी. एका गोष्टीवर त्यांचा फार कटाक्ष होता. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, कारण मोजलं नाही तर आपल्याला माहीत नाही हे तरी कळतं. चुकीचं मोजलं तर खोटं खरं वाटायला लागतं.

आपल्या गटातल्या त्या बाईचं नेमकं हेच झालं होतं.

वेधशाळेतल्या दोन पद्धती आपण उचलाव्यात. पहिली, थर्मामीटर ठेवायची जागा. शाळेच्या किंवा कृषी केंद्राच्या आवारात तुम्ही जाळीदार झडपांची पांढरी लाकडी पेटी पाहिली असेल. थर्मामीटर तिच्यात असतो, जमिनीपासून साधारण चार फुटांवर. ऊन थेट पडत नाही, हवा मात्र खेळती राहते. ऊन लागलं तर थर्मामीटर हवेची उष्णता न दाखवता स्वतःच तापतो. दुसरी पद्धत तपासणीची. प्रत्येक थर्मामीटर खात्रीच्या थर्मामीटरशी ताडून बघतात आणि तो किती जास्त किंवा कमी दाखवतो, ते लिहून ठेवतात. नोंद करताना तेवढा आकडा वजा किंवा अधिक करतात. म्हणजे थर्मामीटर थोडा चुकला तरी चालतं. तो किती चुकतो हे माहीत असलं पाहिजे, एवढंच.

आता त्या बैठकीकडं परत जाऊ. बोलणं तापलं होतं. तेवढ्यात त्या बाईची नववीतली मुलगी दारातून म्हणाली, "आई, थर्मामीटर बर्फात घालून बघ. वितळणारा बर्फ शून्य अंशावर असतो, विज्ञानाच्या पुस्तकात आहे." शेजारच्या घरातून बर्फ आणला, रुमालात गुंडाळून बत्त्यानं ठेचला, स्टीलच्या पेल्यात भरला आणि बर्फ भिजेल इतकंच पाणी घातलं. नळी त्यात उभी धरली. पाच मिनिटं सगळ्या गप्प. लाल रेघ खाली आली आणि थांबली. शून्यावर नाही, ५ वर.

नीट बघितलं तेव्हा कळलं, नळीच्या आत आकड्यांची जी कागदी पट्टी असते, ती खाली सरकली होती. रेघ बरोबर होती, आकडे घसरले होते. म्हणजे वहीत २६ लिहिलं तेव्हा पाणी २१ होतं आणि तेवढ्यावर हीटर बंद होत होता. रात्री गारठ्यात ते आणखी उतरत असणार. बाईनं एक आकडाही खोटा लिहिला नव्हता.

नुकसान गटाच्या खात्यात दाखवलं, तिच्या बचतीला हात लागला नाही. जिनं सगळ्यात जास्त आवाज केला होता, तिनंच चहा टाकला. वहीतले जुने आकडे आम्ही खोडले नाहीत. शेजारी लाल शाईनं 'वजा ५' लिहिलं. ती वही आजही गटात आहे.

ज्या गटांना मासे पाळायचेत, किंवा ज्यांच्या घरी मुलांसाठी पेटी आहे, त्यांनी आता कागद-पेन घ्या.

नवा थर्मामीटर आणला की आधी ठेचलेल्या बर्फात तपासा. बर्फात मीठ अजिबात घालायचं नाही, त्यानं तापमान शून्याच्या खाली जातं. हळूहळू ढवळत पाच मिनिटं थांबा. एखाद्या अंशाचा फरक आला तर तो लिहून ठेवा, फार आला तर थर्मामीटर बदला. उकळत्या पाण्यात मात्र तपासू नका. नळी फुटेल. शिवाय कोल्हापूर समुद्रापासून साडेपाचशे मीटर उंचावर आहे. इथं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, शंभराला नाही.

थर्मामीटर हीटरजवळ लावू नका, तिथं पाणी जास्त गरम असतं. खिडकीच्या उन्हात नको, अगदी पृष्ठभागालाही नको. हीटरच्या विरुद्ध बाजूला, पाण्याच्या मधल्या उंचीवर लावा. आकडा वाचताना डोळे रेघेच्या समोर आणा. वरून किंवा खालून वाचलं की अंशभर फरक पडतो. लाल रेघ मध्येच तुटलेली दिसली तर तो आकडा धरू नका.

काचेला बाहेरून चिकटवायची रंग बदलणारी पट्टी स्वस्त असते, पण ती पाण्याबरोबर खोलीची हवाही मोजते. गारठ्यात कमी दाखवते, उन्हाळ्यात जास्त. हीटरवरच्या आकड्यावरही डोळे झाकून विसंबू नका. आणि तापाचा थर्मामीटर माशांच्या पाण्यात घालू नका. तो अंगाच्या तापापुरताच बनवलेला असतो, २६ अंश त्याला दाखवताच येत नाहीत. जुना पाऱ्याचा असेल आणि पेटीत फुटला, तर पाणी विषारी होईल.

नोंद रोज दोनदा, ठरलेल्या वेळी करा. पहाटेची चुकवू नका, कारण पाणी सगळ्यात गार तेव्हाच असतं. पाणी बदलताना नवं पाणीही मोजा आणि दोन्हींत फार फरक नसेल तेव्हाच घाला.

आपल्याकडं 'मापात पाप' म्हणतात. बाजारात आपण तराजूचा काटा बघतो, वजनावरचा सरकारी शिक्का बघतो. दूध डेअरीत फॅट कमी लागली तर पुन्हा लावायला सांगतो. मग घरातल्या मापाला का सोडायचं? मापातलं पाप दर वेळी माणसाचं नसतं, कधी कधी ते मापाचंच असतं. बैठकीत कुणावर बोट रोखायच्या आधी एकदा माप तपासा.

त्या गटाच्या वहीत आता एक रकाना वाढलाय: 'थर्मामीटर कधी तपासला'. दर महिन्याच्या पहिल्या बैठकीला बर्फ आणायचं काम त्या नववीतल्या मुलीकडं होतं. ती आता अकरावीला आहे. परवा मला म्हणाली, "ताई, आता धाकट्या बहिणीला शिकवलंय."